लडाखमध्ये ऊन भरपूर, तरी सरकारी इमारती बुखारीवरच का? हवा तापवणारी सौर भिंत नेमकी काय असते?

जानेवारीतली लेहमधली दुपार. आकाश निळंशार, ऊन इतकं लख्ख की काळ्या चष्म्याशिवाय बाहेर बघवत नाही. पण सावलीत पाऊल टाकलं की थंडी हाडांत शिरते. रात्री पारा उणे १५, कधी उणे २० अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत सरकारी कचेऱ्या, दवाखाने बुखारीवर चालतात. लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा डिझेल जाळणारी ही लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं असतं. शाळांचं तर वेळापत्रकच थंडीने ठरवलंय. डिसेंबरच्या मध्यापासून साधारण फेब्रुवारी संपेपर्यंत त्या बंद असतात.

दुसरीकडे याच लडाखच्या उन्हावर देशाचा मोठा डाव लागलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधल्या १३ गिगावॅटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिनी उभारायला मंजुरी दिली. खर्च २० हजार ७०० कोटींहून जास्त. पांगच्या पठारावर तयार होणारी वीज हरियाणातल्या कैथलपर्यंत नेण्याची ही योजना आहे.

म्हणजे लडाखचं ऊन हरियाणापर्यंत पोहोचवण्याचा आराखडा तयार आहे. पण तेच ऊन लेहमधल्या शाळेच्या भिंतीवर पडतं तेव्हा त्याचं काय होतं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. खरं तर त्या भिंतीवर पडणाऱ्या उन्हाने थेट हवा तापवता येते. त्यासाठी वीज बनवायचीही गरज नसते.

हवा तापवणारी सौर यंत्रणा म्हणजे काय?

भर उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आठवा. दार उघडलं की आतून गरम हवेचा झोत येतो. ऊन काचेतून आत शिरतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि त्यांच्यामुळे आतली हवा तापते. सौर हवा-तापकाचं तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की इथे ती गरम हवा खोलीत खेळवली जाते.

याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, ट्रॉम्ब भिंत. दक्षिणेकडची जाड माती-दगडाची भिंत काळी रंगवायची, तिच्यापुढे थोडी जागा सोडून काच लावायची. भिंतीला खाली आणि वर झरोके ठेवले की खोलीतली थंड हवा खालून आत शिरते, काच आणि भिंतीच्या मध्ये तापते आणि वरच्या झरोक्यातून परत खोलीत येते. पंखाही लागत नाही. शिवाय जाड भिंत दिवसभर तापते आणि रात्री हळूहळू ऊब सोडते. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्येच अशा कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. पण नाव पडलं ते फ्रेंच अभियंते फेलिक्स ट्रॉम्ब यांचं. त्यांनी १९६० च्या दशकात वास्तुरचनाकार जाक मिशेल यांच्यासोबत फ्रान्समधल्या ओदेयो इथे अशी घरं बांधली.

दुसरा प्रकार म्हणजे काचेची पेटी. आत काळा पत्रा, मागे उष्णतारोधक थर आणि हवा ढकलायला छोटा पंखा. ही पेटी जुन्या इमारतीलाही बाहेरून बसवता येते.

तिसरा प्रकार मोठ्या इमारतींसाठी. भिंतीपासून थोड्या अंतरावर गडद रंगाचा, हजारो बारीक भोकं पाडलेला पत्रा लावतात. यात काच नसते. पंखा बाहेरची हवा त्या भोकांतून आत ओढतो. पत्र्याला चिकटून असलेली गरम हवा वाऱ्याने उडून जाण्याआधीच आत खेचली जाते, म्हणून उष्णता फारशी वाया जात नाही.

आधी वीज बनवून मग हीटर का लावू नये?

इथे थोडं गणित करावं लागेल.

लेहमधल्या एका वर्गात ३० मुलं आहेत असं धरू. प्रत्येकाला सेकंदाला साधारण ८ लिटर ताजी हवा हवी. बाहेर उणे १० अंश आणि आत १८ अंश हवे असतील, तर एवढी हवा २८ अंशांनी तापवायला साडेपाच ते सहा किलोवॅट लागतात. म्हणजे दीड किलोवॅटचे चार रूम हीटर. भिंती आणि छतातून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

कडक उन्हात एका चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. चांगला हवा-तापक त्यातली निम्म्याहून जास्त, अनुकूल परिस्थितीत ६० ते ७० टक्के ऊर्जा हवेत उतरवतो. त्यामुळे भर दुपारी हे काम दहा-अकरा चौरस मीटरच्या तापकात होतं. चार मीटर लांब, पावणेतीन मीटर उंच, म्हणजे वर्गाची एक भिंत.

तेवढ्याच जागेत वीज बनवणारी सौर पॅनल लावली तर उन्हातली साधारण २० टक्के ऊर्जाच विजेत बदलते, म्हणजे जवळपास दोन किलोवॅट. ती साध्या हीटरला जोडली तर ऊबही तेवढीच मिळते, गरजेच्या एक तृतीयांश.

दिवसभरात तापकाने २५ युनिट उष्णता दिली तर ती साधारण अडीच लिटर डिझेलच्या बरोबरीची होते. बुखारीच्या धुराड्यातून निघून जाणारी उष्णता धरली तर वाचणारं डिझेल आणखी जास्त. हा हिशेब एका वर्गाचा, एका दिवसाचा आहे. आणि लडाखमध्ये हिवाळ्याचं इंधन बरंचसं आधीच ट्रकने आणून साठवावं लागतं, कारण बर्फ पडला की झोजिलासारख्या खिंडी बंद होतात.

घरांपेक्षा शाळा-कचेऱ्यांना हे जास्त सोयीचं का?

पहिलं कारण वेळेचं. शाळा, बँक, तहसील, बाह्यरुग्ण विभाग हे सगळं दिवसा चालतं. जेव्हा ऊब हवी तेव्हाच ऊन असतं. त्यामुळे उष्णता रात्रीसाठी साठवण्याची गरज कमी पडते. घराचं उलट आहे. तिथे खरी गरज रात्री असते.

दुसरं कारण ताज्या हवेचं. थंडीत दारं-खिडक्या घट्ट लावून तीस-चाळीस माणसं एका खोलीत बसली की हवा लवकर कोंदते. त्यात शेगडी पेटलेली असेल आणि धुराडं तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. या वायूला ना रंग, ना वास. झोपेत गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. बाहेरची हवा तापवून आत सोडणाऱ्या यंत्रणेत ऊब आणि ताजी हवा एकत्रच मिळतात.

तिसरं कारण भिंतीचं. लेहमध्ये डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ३२-३३ अंश वर असतो. त्यामुळे ऊन दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर जवळजवळ समोरून पडतं. जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो आणि भिंतीवर ऊन कमी पडतं. म्हणजे गरज असते तेव्हा भिंत तापते आणि नसते तेव्हा बरीच थंड राहते. शिवाय उभ्या भिंतीवर बर्फ साचत नाही.

हे प्रत्यक्षात कुठे झालंय?

भोकांच्या पत्र्याची पद्धत कॅनडात पुढे आली. १९९० च्या दशकात तिथल्या कारखान्यांच्या मोठमोठ्या भिंतींवर हे पत्रे बसले. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथे राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१० मध्ये बांधलेल्या कार्यालयाच्या दक्षिण भिंतीवरही ते आहेत. तिथली गरम हवा तळघरातल्या काँक्रीटच्या भुयारांतून फिरवून तिची ऊब साठवतात.

पण यासाठी कॅनडाकडेच बघायला हवं असं नाही. लेहजवळच्या फे गावात 'सेकमॉल' या शैक्षणिक संस्थेचा परिसर आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आणि दक्षिणेला तोंड करून बांधलेल्या आहेत. हिवाळ्यात पुढच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक लावून हरितगृहासारखी जागा करतात. बाहेर पाणी गोठतं तेव्हा मुलं आत बुखारीशिवाय अभ्यास करतात.

शे गावातली ड्रुक पद्मा कारपो शाळा तर सगळ्यांनी पाहिलेली आहे. 'थ्री इडियट्स'मधली 'रँचोची शाळा' तीच. तिथे वर्ग अशा कोनात बांधलेत की सकाळचं ऊन लवकर आत यावं आणि वसतिगृहांना ट्रॉम्ब भिंती आहेत. वर्ग दिवसा लागतात, मुलं वसतिगृहात रात्री झोपतात, म्हणून दोन्हीकडे उपाय वेगळे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर तापणारा तंबू बनवला. रात्री दहा वाजता बाहेर उणे १४ आणि आत अधिक १५ अंश तापमान असल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

मग अडतं कुठे?

सगळ्यात आधी बांधकामात. सरकारी इमारतीचा नकाशा बऱ्याचदा ठरलेला असतो. काँक्रीटचा सांगाडा, पातळ भिंती, एकेरी काचेच्या खिडक्या आणि तोंड रस्त्याकडे, मग रस्ता उत्तरेला का असेना. अशा इमारतीत कितीही गरम हवा सोडली तरी ती छतातून आणि फटींतून निघून जाते. आधी भिंती-छताला उष्णतारोधक थर, मग तापक, असा क्रम लागतो.

दुसरी अडचण मोजमापाची. आपल्याकडे 'सौर' म्हटलं की वीजच डोळ्यांपुढे येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना एक कोटी घरांसाठी आहे. तिचं अनुदान छतावर किती किलोवॅट बसवले त्यावर मिळतं. पॅनलला मीटर असतो, युनिट मोजता येतात, बिल कमी झालेलं दिसतं. गरम हवेला मीटर नाही. न जळलेलं डिझेल कुठल्या खात्यात दाखवायचं, हा प्रश्न उरतो. इमारत बांधणारं खातं एक आणि इंधनाचं बिल भरणारं दुसरं असेल, तर जास्तीचा खर्च करायला पहिल्याला कारणच राहत नाही.

तिसरी अडचण देखभालीची. पंखा बंद पडतो, भोकांत धूळ बसते, ट्रॉम्ब भिंतीचे झरोके रात्री बंद करायला कुणी विसरलं तर हवा उलटी फिरून खोली थंड होते. शाळेत हे काम कुणाचं, हे ठरलेलं असावं लागतं.

आणि यंत्रणेची मर्यादाही मान्य करायला हवी. ढगाळ दिवशी ती फारसं काही करत नाही. २४ तास चालणाऱ्या वॉर्डला दुसरी सोय ठेवावीच लागते. शिवाय आता स्पर्धाही आहे. सौर पॅनल स्वस्त झालीत आणि हीट पंप एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो. पॅनल आणि हीट पंप एकत्र लावले तर मिळणारी ऊब हवा-तापकाच्या जवळपास जाते आणि उरलेली वीज उन्हाळ्यातही वापरता येते. मात्र कडाक्याच्या थंडीत हीट पंपाची ताकद घटते. तो महाग आहे आणि दुर्गम गावात बिघडला तर दुरुस्त करणारा मिळणं कठीण. काळा पत्रा आणि काच गावातला मिस्त्रीही बसवू शकतो.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्रात कचेऱ्या तापवाव्या लागत नाहीत, उलट थंड कराव्या लागतात. पण उन्हाने तापलेली हवा इथेही कामाची आहे, ती वाळवणासाठी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेली 'एस४एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी मराठवाड्यात शेतकरी महिलांना कांदा, टोमॅटो, आलं वाळवण्यासाठी सौर वाळवणी यंत्रं देते. या कामाला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

लडाखमध्ये निर्णय वेगळा आहे. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२० च्या भाषणात लडाखला कार्बन-न्यूट्रल बनवण्याचं सांगितलं होतं. १३ गिगावॅटच्या प्रकल्पाला वेळ लागेल. पण तिथे पुढे बांधली जाणारी प्रत्येक शाळा आणि प्रत्येक आरोग्य केंद्र दक्षिणेकडे तोंड करून बांधायला वेगळा निधी लागत नाही, पाया खोदण्याआधी नकाशा फिरवावा लागतो. तेवढं झालं आणि त्या भिंतीवर काच किंवा पत्रा चढला, तर निदान काही वर्गांची हिवाळी सुट्टी आठवडा-दोन आठवड्यांनी तरी कमी करता येईल.