वेम्बान्यामाचे थ्री आणि स्पर्सचं प्लेऑफ: आकडे नेमकं काय सांगतात?

सॅन अँटोनिओ स्पर्सने एनबीएचं प्लेऑफ शेवटचं खेळलं ते २०१९ मध्ये. त्यानंतर सलग सहा सीझन हात रिकामे. पाच वेळा चॅम्पियन झालेल्या टीमसाठी हे जड आहे. यंदा पहिल्याच मॅचमध्ये, २२ ऑक्टोबर २०२५ ला, त्यांचा सेंटर व्हिक्टर वेम्बान्यामाने डॅलसविरुद्ध ४० पॉइंट आणि १५ रिबाउंड काढले. स्पर्स १२५-९२ ने जिंकले. मला ४० पेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे पॉइंट कुठून आले: बहुतेक थ्रीच्या रेषेच्या आतून आणि फ्री थ्रोवरून.

गेल्या सीझनमध्ये तसं नव्हतं. ७ फूट ४ इंचांचा हा माणूस दर मॅचला सरासरी ८.८ थ्री मारायचा. म्हणजे त्याचे जवळपास निम्मे शॉट लांबून जायचे.

३५ टक्के म्हणजे चांगलं की वाईट?

त्याचे ३५.२ टक्के थ्री आत गेले. गणित सोपं आहे: ०.३५२ गुणिले ३, म्हणजे एका थ्रीमागे साधारण १.०६ पॉइंट. एवढ्या उंच खेळाडूसाठी हे भारीच वाटतं.

पण आम्ही सॉफ्टवेअरवाले, कोणी "नवा कोड फास्ट आहे" म्हणालं की आधी विचारतो, कशापेक्षा? इथेही तेच विचारायचं. त्याचे दोन पॉइंटचे शॉट साठ टक्क्यांच्या आसपास आत जात होते, म्हणजे शॉटमागे जवळपास १.२ पॉइंट. आत घुसताना फाउल झाला आणि दोन फ्री थ्रो मिळाले, तर ८३.६ टक्क्यांच्या हिशोबाने १.६७. वर समोरच्या टीमच्या मोठ्या खेळाडूच्या नावावर एक फाउल चढतो तो वेगळाच.

थोडक्यात, त्याचा थ्री वाईट नाही. पण तो मारताना हातातून जे सुटतं, ते जास्त किमती आहे.

मग थ्री बंदच करायचे का?

नाही. एनबीएच्या प्रत्येक अरेनात कॅमेरे खेळाडूंची हालचाल टिपतात. २०२३-२४ पासून हॉक-आय सिस्टीम बॉलसोबत खेळाडूंच्या शरीराचीही थ्रीडी पोझिशन नोंदवते. त्यामुळे शॉट मारताना डिफेंडर किती जवळ होता, हेही मोजता येतं. मोकळा थ्री आणि अंगावर माणूस असताना ड्रिबल करून मारलेला थ्री स्कोअरबोर्डवर सारखेच दिसतात, पण दोन्हींची किंमत वेगळी.

शिवाय तो बाहेर उभा राहिला की समोरच्या सेंटरलाही बाहेर यावं लागतं. रिंगजवळची जागा मोकळी होते आणि स्टीफन कॅसलसारख्या गार्डला आत शिरायला वाट मिळते. हा फायदा वेम्बान्यामाच्या टक्केवारीत दिसतच नाही.

आत खेळण्याची किंमतही आहे. तिथे धक्के बसतात. गेल्या सीझनमध्ये खांद्यात रक्ताची गुठळी झाल्याने तो ४६ मॅचवरच थांबला होता. ८२ मॅचचा सीझन त्याने टिकून खेळणं हेच स्पर्ससाठी सगळ्यात मोठं आहे.

प्लेऑफशी संबंध काय?

वेस्टर्न कॉन्फरन्समध्ये १५ टीम आहेत. पहिल्या सहा थेट आत, सातव्या ते दहाव्या क्रमांकाला प्ले-इन. एवढ्या गर्दीत दोन-तीन मॅचसुद्धा नशीब बदलतात. लांबचे शॉट एखाद्या रात्री पडतच नाहीत. फ्री थ्रो आणि रिंगजवळचे शॉट मात्र बऱ्यापैकी भरवशाचे असतात. उन्हाळ्यात तो हकीम ओलाजुवॉनकडे शिकायला गेला, याचा अर्थ मी असाच लावतो.

एका मॅचवरून निष्कर्ष काढू नका. पुढच्या वीसेक मॅचचे बॉक्स स्कोअर फोनवर बघा आणि दोनच रकाने मोजा: त्याने किती थ्री मारले आणि किती फ्री थ्रो मिळवले. दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे राहिला, तर माझा अंदाज आहे की स्पर्स यंदा एप्रिलनंतरही खेळताना दिसतील.