तिकीट तुमचं, मोबाईल कुणाचा?

मैत्रिणींनो, भाचीच्या बाळंतपणासाठी मध्यंतरी वीस दिवस मुंबईला राहून आले. आपल्या गंगाखेडहून रात्री नांदेड-पनवेल गाडीत बसलं की सकाळी पनवेल, आणि तिथून पुढे लोकल. हातात दोन पिशव्या. एकीत डिंकाचे लाडू, दुसरीत खारीक, बाळंतशेपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. पनवेलला उतरले आणि भाचीचा फोन आला, ''मावशी, तिकिटाच्या रांगेत उभी राहू नकोस. मी मोबाईलवर काढून पाठवते.'' पाच मिनिटांनी पुन्हा फोन. ''अगं, नाही जमत. ज्या मोबाईलवर तिकीट काढलं तोच मोबाईल टीसीला दाखवावा लागतो. त्याचा फोटो चालत नाही.''

मग काय, राहिले उभी खिडकीसमोर. रांगेत कोण कोण होतं ते बघत होते. डोक्यावर बोचकं घेतलेली माणसं, नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या, दवाखान्याच्या फायली हातात धरलेलं एक जोडपं. सगळे आपल्यासारखे, बाहेरगावचे. हातात मोबाईल धरून तरुण पोरंपोरी बाजूनं झपझप निघून जात होती. स्टेशन एकच, पण तिकीट काढायच्या वाटा दोन, आणि कोण कोणत्या वाटेवर ते लांबूनही कळत होतं.

भाचीकडे पोचल्यावर तिनं ठरवूनच टाकलं, ''मावशी, तुझ्या मोबाईलवर यूपीआय सुरू करून देते, म्हणजे सुट्ट्याची कटकट नको.'' मला आनंदच झाला. माझं खातं आहे, पासबुक आहे, एटीएम कार्डसुद्धा आहे. तिनं अर्धा तास खटपट केली, पण ते काही सुरू होईना. कारण साधंच. बँकेत ज्या नंबराची नोंद आहे, त्याच नंबराचं सिमकार्ड मोबाईलमध्ये असावं लागतं. आणि मी खातं उघडलं तेव्हा फॉर्मवर नंबर लिहिला होता ह्यांचा! तेव्हा माझ्याकडे मोबाईलच कुठे होता? पुढे मोबाईल आला, पण बँकेतला नंबर बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

भाची म्हणाली, ''मग काकांच्या यूपीआयला तुला जोडून घेऊ.'' अशी सोय २०२४ पासून आली आहे. घरातल्या एकाच्या खात्यावरून दुसऱ्यालाही पैसे देता येतात. त्यात दोन प्रकार. एकात महिन्याला पंधरा हजारांपर्यंत खर्चाची मुभा देऊन ठेवायची, आणि दुसऱ्यात दर वेळी खातेदारानं आपल्या मोबाईलवरून 'हो' म्हणायचं. आता बघा, मी अंधेरीला मेट्रोच्या तिकिटासाठी उभी, आणि दहा-वीस रुपयांना परवानगी द्यायची ह्यांनी, गंगाखेडच्या दुकानात गिऱ्हाईक करता करता! बरं, परवानगी नको असा प्रकार घेतला, तरी तिकडे मोबाईल वाजणारच. अमुक रुपये गेले, अमक्या वेळेला गेले. आमचे हे काही संशयी नाहीत. पण दिवसातून चार वेळा मोबाईल वाजला तर पाचव्या वेळी कुणीही विचारणारच, ''कुठं निघालीस?'' आणि सगळ्यांचे नवरे काही आमच्या ह्यांच्यासारखे नसतात.

मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. प्रवासाचे पैसे कसे द्यायचे हा प्रश्न वरवर सोयीचा दिसतो. मात्र आपल्याकडे बाईच्या हातातले स्वतःचे पैसे म्हणजे बहुतेक वेळा रोख पैसे. डाळीच्या डब्यातले, शिवणकामाचे, दुधाच्या हिशेबातून वाचवलेले. त्यातून माहेरी जाणं होतं, दवाखान्यात जाणं होतं, आणि क्वचित कुणाला न सांगता बहिणीला भेटून येणंही होतं. या पैशावर कुणाचा नंबर नोंदलेला नसतो.

मुंबईनं तिकिटाचे किती प्रकार पाहिले! १८७४ साली तिथं घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा भाडं होतं तीन आणे, आणि तिकीट देतच नसत. फुकटे वाढले तेव्हा तिकिटं छापावी लागली. लोकलच्या रांगांना कंटाळलेल्या लोकांसाठी मध्यंतरी कूपनच्या पुस्तिका होत्या, त्या स्टेशनवरच्या यंत्रात घालून छाप मारून घ्यायचा. जुन्या मुंबईकर बायकांच्या पर्समध्ये ती हमखास असायची.  मग कार्डावर चालणारी यंत्रं आली, २०१४ मध्ये मोबाईलवरचं तिकीट आलं, आणि कूपनं बंद झाली. २०२५ च्या जुलैत रेल्वेनं 'रेलवन' नावाचं नवं ॲप आणलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली तेव्हा, 'मुंबई वन' हे आणखी एक ॲप आलं. मेट्रो, लोकल, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई वगैरे पालिकांच्या बस, अशा अकरा सेवांचं तिकीट एका जागी, हा त्याचा उद्देश. गंमत अशी, की जानेवारी २०२३ मध्ये मेट्रोचं जे कार्ड आलं त्याचंही नाव 'मुंबई वन'. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो चालवणाऱ्या कंपनीच्या नावातही 'वन'. इतके 'वन' ऐकून बाहेरगावच्या बाईनं कुठल्या वनात शिरावं?

चेष्टा सोडा. यातलं एक कार्ड मात्र आपल्या कामाचं आहे, म्हणून जरा नीट सांगते. बँकांचं प्रवासासाठीचं एक कार्ड असतं, त्याला नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड म्हणतात. २०१९ मध्ये ते देशात सुरू झालं. आधी त्याला कागदपत्रांची भानगड असायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा प्रवासी कार्डासाठी ओळखीच्या कागदपत्रांची अट काढायला परवानगी दिली. फक्त त्यात एका वेळी तीन हजारांपेक्षा जास्त रक्कम ठेवता येत नाही. मला हे कार्ड पटलं. त्याला ना खातं लागतं, ना नवऱ्याचा नंबर. मेट्रोच्या खिडकीवर नोटा द्यायच्या, कार्डात पैसे भरून घ्यायचे, दारावर टेकवायचं, दार उघडतं. म्हणजे डब्यातले पैसेच, पण नव्या रूपात. अडचण एवढीच, की लोकलच्या स्टेशनला मेट्रोसारखी दारं नाहीत, मग ते टेकवायचं कुठे? आणि मुंबईतलं गरिबाचं वाहन अजून लोकलच. दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे. बेस्टची बससुद्धा २०१९ पासून पाच रुपयांत नेत होती, मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. एसी बसचे सहाचे बारा झाले. घरकाम करणारी बाई रोज दोन बस बदलत असेल तर महिन्याचा हिशेब कुठे जातो बघा. भाचीकडे मालिश करायला यायची ती बाई म्हणाली, ''ताई, आता एक बस चालतच जाते मी.''

आता आपल्या एसटीकडे या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतरचं गंगाखेडचं बसस्थानक तुम्ही पाहिलंच आहे. परळीला, परभणीला, नांदेडला बायका एकेकट्या जाताना दिसतात. पूर्वी 'कशाला उगं दोघींनी जायचं' म्हणून सासू किंवा सून घरी राहायची, आता दोघी जातात. ही सवलत इतकी का चालली, याचा मी मुंबईत विचार करत होते. पैसे निम्मे झाले हे तर खरंच. पण दुसरंही आहे. त्यासाठी फॉर्म नाही, कार्ड नाही, ॲप नाही. बाई समोर दिसली की कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, तिथेही आधारकार्ड दाखवलं की काम झालं.

याउलट रेल्वेचं बघा. अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत निम्म्या भाड्याची सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात ती थांबवली, ती थांबलेलीच आहे. माझ्या नणंदेनं साठीला पोचल्यावर तीर्थयात्रेचे बेत केले होते. आता ती एसटीनं जेवढं होईल तेवढंच फिरते, कारण अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालतं.

कुणी म्हणेल, जग पुढं चाललं आहे, तुम्ही नोटा कुरवाळत बसा. लंडनमध्ये जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेणंच बंद झालं. खरं आहे. पण तिथं त्याआधी अकरा वर्षं कार्ड चालू होतं, आणि ते कार्ड गल्लीतल्या दुकानात नोटा देऊन भरता येतं. आधी पर्याय आला आणि मग खिडकी बंद झाली. आपल्याकडे अजून कुणी खिडकी बंद केलेली नाही, पण चार खिडक्यांपैकी दोनच उघड्या दिसल्या की रांगेतल्यांना अर्थ कळतो.

मोबाईलच्या तिकिटाची आणखी एक मेख आहे. वाटेत बॅटरी संपली आणि टीसीला तिकीट दाखवता आलं नाही, तर तुम्ही विनातिकीटच. दंड म्हणजे प्रवासाचं भाडं आणि वर कमीत कमी अडीचशे रुपये. पण एवढं लक्षात ठेवा, की तिकीट नाही म्हणून एकट्या बाईला रात्री गाडीतून कुठेही उतरवता येत नाही. रेल्वे कायद्याच्या १३९ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. उतरवायचंच तर दिवसा, आणि जिथून प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण इथेच. हे आपल्या मुलींना सांगून ठेवा, विशेषतः परीक्षांना आणि मुलाखतींना एकट्या जाणाऱ्यांना.

गावी आल्यावर पहिलं काम केलं ते बँकेत जाण्याचं. शेजारच्या काकूंनाही सोबत घेतलं. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळावेत म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं खातं उघडलं होतं. नंबर अर्थात मुलाचा. पैसे जमा झाल्याचा मेसेज मुलाला येतो, मग तो आईला सांगतो. सांगतो तेव्हा सांगतो. काकूंकडे साधा बटणाचा मोबाईल आहे, त्यावर मेसेज तर येईल ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. खिडकीवरच्या मुलानं आधार आणि पासबुक घेतलं, अर्ज भरायला सांगितला आणि विचारलं, ''आजी, मुलाचा नंबर काढून तुमचा टाकायचा? त्यांना विचारलं का?''

काकू म्हणाल्या, ''खातं माझं हाय न बापू? मग टाक की.''

आठ दिवसांनी काकू परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला निघाल्या. एसटीनंच, अर्ध्या तिकिटात. कंडक्टरजवळ सुट्टे नव्हते. त्यानं तिकिटाच्या मागं 'बाकी १५' लिहून दिलं, आणि ते पंधरा रुपये परळीला उतरताना काकूंनी आठवणीनं मागून घेतले.