विश्लेषण : व्याजावर रुपयातले २० पैसे की ३७?

अर्थसंकल्प मांडला गेला, की पहिला प्रश्न असतो करसवलतीचा. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या भाषणातूनही १२ लाखांची करमुक्त मर्यादा तेवढी घरोघरी पोहोचली. तिजोरीची खरी स्थिती सांगणारा आकडा मात्र मागेच राहिला : २०२५-२६ मध्ये व्याजापोटी जाणारे १२.७६ लाख कोटी रुपये.

तक्ता काय सांगतो?

‘रुपया असा येतो, असा जातो’ या तक्त्यात व्याजाचे २० पैसे दिसतात. पण त्या रुपयातले २४ पैसे मुळात कर्जाऊ आहेत आणि २२ पैसे करांतला वाटा म्हणून राज्यांना जातात. राज्यांचा वाटा वजा जाता २०२५-२६ साठी केंद्राचे महसुली उत्पन्न ३४.२० लाख कोटी रुपये. त्यातल्या दर १०० रुपयांपैकी ३७ रुपये व्याजातच संपतात.

कर्ज काढणे चूक आहे का?

मुळीच नाही. रस्ते, रेल्वे यांसाठी घेतलेले कर्ज पुढे उत्पन्न वाढवते. २०२५-२६ मध्ये भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटींची तरतूद होती. मात्र १५.६९ लाख कोटींच्या वित्तीय तुटीत ५.२४ लाख कोटी ही महसुली तूट होती. म्हणजे उसनवारीचा तिसरा हिस्सा पगार, निवृत्तिवेतन, अनुदाने, व्याज अशा चालू खर्चासाठी. घर बांधायला कर्ज काढणे वेगळे आणि किराणा भरायला काढणे वेगळे.

सामान्यांना फरक काय पडतो?

व्याज टाळता येत नाही. उत्पन्न घटले, तर कात्री लागते ती योजनांना. २०२५-२६ मध्ये ‘मनरेगा’ची तरतूद आदल्या वर्षीइतकीच, ८६ हजार कोटी रुपये होती, व्याजाचा खर्च तिच्या जवळपास १५ पट. आणि हे व्याज केवळ प्राप्तिकर भरणारे फेडत नाहीत. साबण, चप्पल घेताना जीएसटी देणारा मजूरही त्यात वाटेकरी आहे.

सरकारची बाजू

करोनाकाळात, २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेलेली तूट २०२५-२६ मध्ये ४.४ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य होते. मार्च २०३१ पर्यंत कर्ज जीडीपीच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणायचे आहे. दिशा योग्यच आहे. पण लोकांनी ती तपासायची, तर अर्थसंकल्पाच्या तक्त्यात २० पैशांशेजारी ३७ चा आकडाही छापायला हवा. पुढच्या वर्षी करसवलतीइतकीच चर्चा तो वाढला की घटला याची व्हावी.