डिस्चार्जनंतरचं वर्ष

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या लहानथोरांना एक नवा आजार तोंडपाठ झाला. जीबीएस. पुढचे काही आठवडे पेपरात रोज एक चौकट यायची: संशयित रुग्ण इतके, अतिदक्षता विभागात इतके, व्हेंटिलेटरवर इतके, मृत्यू इतके आणि सगळ्यात खाली, बरे होऊन घरी गेलेले इतके. रुग्णांचा आकडा सव्वादोनशेच्या घरात जाऊन थांबला. मृत्यू, संशयित धरून, बारापर्यंत गेले. मग चौकट छापायची बंद झाली आणि शहर दुसऱ्या काळजीकडे वळलं.

माझं भांडण त्या चौकटीतल्या शेवटच्या ओळीशी आहे. त्या ओळीत मोजलेला एक माणूस मी जवळून पाहिला. घरी आला तेव्हा त्याला स्वतःच्या हाताने नाक खाजवता येत नव्हतं.

धायरीला माझी मामेबहीण राहते. दाजी शिवणकाम करतात, ब्लाऊज हा त्यांचा हातखंडा. संक्रांतीच्या आधी त्यांना जुलाब झाले, दोन दिवसांत थांबले, विषय संपला. आठवडाभराने बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. हुक टाकताना सुई चिमटीत राहीना. मशीनच्या पायडलवर पाय आहे की नाही हे खाली बघितल्याशिवाय कळेना. बहिणीला वाटलं अशक्तपणा आलाय, तिने शिरा करून घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी संडासात बसले ते उठूच शकले नाहीत. शेजारच्या दोघांनी दार काढून त्यांना बाहेर आणलं आणि हॉस्पिटलात नेलं.

गियाँ-बारे सिंड्रोम हे या आजाराचं पूर्ण नाव. १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये तो पाहिला आणि लिहून ठेवला. तिसऱ्याचं नाव पुढे गळून पडलं. संशोधनातही असे हिशेब चालतात. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरसही. संशय पाण्यावर गेला, आणि नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागाची चर्चा झाली. महापालिकेत आलेली गावं. घरपट्टीचं बिल वेळेवर पोहोचलं, शुद्ध केलेलं पाणी मात्र सगळीकडे पोहोचलं नव्हतं.

हा जीवाणू थेट नसांवर हल्ला करत नाही. त्याच्या पृष्ठभागावरची काही रसायनं आपल्या नसांवरच्या रसायनांसारखी दिसतात. शरीर जीवाणूविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं, ती जीवाणू मेल्यावर नसांनाच शत्रू समजतात. "वायर शाबूत असते, वरचं प्लास्टिक सोलून निघतं. काहींच्या बाबतीत आतली तारही तुटते," न्यूरॉलॉजिस्टनी बहिणीला सांगितलं. प्लास्टिक लवकर भरतं, तारेला वेळ लागतो. दाजींची तारही तुटली होती, हे नसांची तपासणी झाल्यावर कळलं.

आता त्या डॉक्टरांबद्दल. ते राउंडला यायचे, चारपाच मिनिटं थांबायचे आणि निघून जायचे. बहिणीला सुरुवातीला याचा राग यायचा. पण त्या चार मिनिटांत ते रोज एक विचित्र गोष्ट करायचे. "मोठा श्वास घ्या आणि एका दमात एकपासून अंक म्हणा." पहिल्या दिवशी दाजी तिसाच्या पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस. संध्याकाळी बारा. दाजींना वाटत होतं आपण ठीक आहोत, ऑक्सिजनचा आकडा तर अजून शहाण्णव दाखवत होता. डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलंही नाही. बारा ऐकल्यावर त्यांनी सिस्टरना हळूच काहीतरी सांगितलं आणि तासाभरात दाजींच्या घशात नळी गेली. या आजारात ऑक्सिजन उतरायची वाट पाहिली तर उशीर होतो. छातीचे स्नायू त्याआधीच दमलेले असतात. तज्ज्ञ असणं म्हणजे काय, हे मला या बारा आकड्यांवरून जेवढं कळलं तेवढं हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या पदव्या वाचून कळलं नसतं.

औषध म्हणून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली ही प्रतिपिंडं, वजनाच्या हिशेबाने पाच दिवस शिरेतून जातात. दुसरा मार्ग प्लाझ्मा बदलण्याचा, तोही तितकाच गुणकारी. स्टेरॉइडचा या आजारात उपयोग होत नाही, हे पुष्कळ चाचण्यांनंतर सिद्ध झालेलं आहे, तरी आमच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी "अजून स्टेरॉइड का चालू केलं नाही?" असं वॉर्डाबाहेर उभं राहून डॉक्टरांना विचारून घेतलं. असे गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एक असतात.

व्हेंटिलेटरवरचे आठवडे कसे गेले हे दाजींनी मला नंतर सांगितलं. आम्हाला बाहेर वाटायचं की ते गुंगीत आहेत. औषधांनी झोप यायची तेवढीच. बाकी वेळ डोकं लख्ख जागं. सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या बेडवरचा माणूस गेला, तो कधी गेला, नातेवाइकांना काय सांगितलं, सगळं. अंगावरची चादर हलली तरी पोटऱ्यांतून कळ जायची, आणि ते कुणाला सांगता यायचं नाही. हात नाहीत, आवाज नाही, होत्या फक्त पापण्या.

मग एका नाइट ड्यूटीच्या सिस्टरने कागदावर वर्णमाला लिहिली. ओळीवर बोट ठेवायचं: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. बरोबर ओळ आली की दाजी पापणी मिटणार. मग त्या ओळीतलं अक्षर. मग काना-मात्रा. पहिलं वाक्य जुळायला पाऊण तास लागला. बहीण डोळे पुसत उभी, आता काहीतरी शेवटचं बोलणार. वाक्य निघालं: "जोश्यांचं अस्तर आणायचंय." लग्नसराईची ऑर्डर होती ती. सिस्टर हसली, बहीण हसली, आणि त्या दिवशी तिने आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

अमेरिकन कादंबरीकार जोसेफ हेलर, 'कॅच-२२'वाले, यांना १९८१ च्या डिसेंबरात हाच आजार झाला. बरे झाल्यावर त्यांनी एका मित्राबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं आणि आजारपणात त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सशी पुढे लग्नही केलं. दाजींना हे सांगितल्यावर ते बहिणीकडे बघून म्हणाले, "आमचं आधीच झालंय. आता फिजिओवाल्या पोरीला निदान साडी घेऊ."

साडी तिला मिळायलाच हवी. कारण डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलचं काम संपलं आणि तिचं सुरू झालं.

या आजारात ताकद बहुधा वरून खाली परत येते. आधी खांदे आणि मांड्या, मग कोपर आणि गुडघे, पंजे आणि पावलं सगळ्यात शेवटी. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर टेपने मोजून बघा आणि भागाकार करा, वर्षाच्या पुढे उत्तर जातं. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात, हे खरं आहे आणि मोठं दिलाशाचं आहे. पण चालता येणं आणि पोट भरता येणं यात शिंप्याच्या बाबतीत तरी दहा बोटांचं अंतर असतं.

ती फिजिओथेरपिस्ट मुलगी पंचविशीची. आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून यायची. तिचा पहिला नियम ऐकून घरातले सगळे बुचकळ्यात पडले: "काका, दमायच्या आत थांबायचं." आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण जिद्दीचं भाषण देऊन जातो. मनावर घ्या, जोर लावा, अमक्याने बघा कसं करून दाखवलं. सावरणाऱ्या नसांवर अति ताण पडला की माणूस पुढचे दोन दिवस आडवा होतो, हे त्या भाषणात नसतं. दाजींनी एकदा पाहुण्यांच्या भरीला पडून जिना चढायचा हट्ट केला आणि त्यानंतर त्यांना ताटावर बसवायलाही दोन माणसं लागली. त्या मुलीने रागावून दारावर कागद चिकटवला: 'व्यायामाच्या वेळी पाहुण्यांनी बाहेर बसावे.'

ती त्यांच्याकडून शिवणकामच करून घ्यायची. आधी खडू धरणं. मग मऊ कापडावर रेघ. मग मोठं बटन, मग छोटं. कात्री शेवटी, कारण कात्रीला अंगठ्याच्या मुळाशी जोर लागतो. हुक टाकायला ते परत बसले तेव्हा पावसाळा सरत आला होता. मी समोर होतो. एक हुक लावायला चहा थंड होण्याइतका वेळ लागला, आणि तो वाकडा बसला. दाजींनी तो उसवला आणि पुन्हा लावला. अजूनही ते दुपारी दोन तास आडवे होतात; हा थकवा अनेकांना वर्षानुवर्षं राहतो. डाव्या पावलाला स्प्लिंट आहे. दुकान उघडं असतं, कटिंग ते करतात, शिलाई एका मुलाकडे दिली आहे.

पैशांबद्दल बोललंच पाहिजे. साथीच्या वेळी इम्युनोग्लोब्युलिनच्या एका इंजेक्शनचा दर वीस हजारांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या, आणि एका रुग्णाला तशी कितीतरी लागतात. सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतली जीबीएसची मर्यादा ८० हजारांवरून १ लाख ६० हजारांवर नेली. चांगलं केलं. पण हे सगळे पैसे हॉस्पिटलच्या दारापर्यंतचे. खाजगी विम्यातही डिस्चार्जनंतरचा खर्च बहुधा दोनतीन महिनेच धरतात. नस त्या मुदतीत तळहाताएवढीही वाढत नाही. पुढची फिजिओथेरपी ज्याची त्याने. बहिणीने त्यासाठी बांगड्या मोडल्या. तिच्याकडे मोडायला बांगड्या होत्या. चौकटीच्या शेवटच्या ओळीतल्या किती जणांकडे त्या नसतील आणि किती जणांनी दुसऱ्या महिन्यातच फिजिओ बंद केली असेल, याची मोजदाद झालेली निदान माझ्या वाचनात नाही.

साथ आली तेव्हा महापालिकेने रुग्णालयात खाटा राखून ठेवल्या होत्या. आता सिंहगड रस्त्यावर, रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, नसांच्या रुग्णांसाठी एक मोफत फिजिओथेरपी केंद्र चालवावं. दोन खोल्या, दोन फिजिओथेरपिस्ट आणि धरून चालायचे दांडे, एवढ्यात भागेल.

आणि तुमच्या घरचं कुणी अशा आजारातून डिस्चार्ज होऊन येत असेल, तर बिलाची फाइल हातात घेण्याआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: फिजिओथेरपी किती महिने आणि आठवड्यातून कितीदा, नसांची पुढची तपासणी कधी, आणि कोणतं लक्षण दिसलं तर रात्रीबेरात्री परत यायचं. मागितल्यावर डॉक्टर लिहून देतात.