परिचारिकेला कारकून करू नका

मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. ‘आता अ‍ॅप आले, माता-बालकांचे आरोग्य सुधारेल’ हे वाक्य माझ्या क्षेत्रात नेहमी ऐकू येते. ते मला मान्य नाही.

बाळ जन्मल्यावर परिचारिका आधी आईच्या पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही ना, हे पाहते आणि एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे 10 युनिटचे इंजेक्शन देते. त्यामुळे अतिरक्तस्रावाचा धोका घटतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ती पूर्ण एक मिनिट मोजते. ते 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर बाळाला तातडीने दवाखान्यात हलवायचे. हे ज्ञान हातात आणि नजरेत असते. आकडा पडद्यावर येतो तो नंतर.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू तुलनेतील गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथे बाळे वाचली ती शिकलेल्या स्त्रियांमुळे.

आज शहरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार 10,000 लोकांमागे एक एएनएम असते. गरोदर महिलांची नोंद, तपासणी, लसीकरण हे सारे तिच्याकडे. त्यावर अनेक ठिकाणी तीच माहिती आधी रजिस्टरमध्ये, मग अ‍ॅपमध्ये भरायची. नोंद नको, असे मी म्हणत नाही. कोणत्या बाळाची लस राहिली, कोणती माता जोखमीची, हे नोंदीशिवाय कळणार नाही. पण संगणकाला दिलेले तेवढेच कळते. घाईत श्वास न मोजता 44 लिहिले, तर त्याच्या दृष्टीने बाळ ठणठणीत! वरिष्ठ जर भरलेल्या रकान्यांचाच हिशेब विचारणार असतील, तर बाळाजवळ मिनिटभर बसण्याची मुभा तिला कोण देणार?

म्हणून आपल्या मोहल्ल्यातील महिला आरोग्य समितीने तीन प्रश्न विचारावेत. आपल्या भागातील एएनएमचे पद भरलेले आहे का? दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईंनी घरी यायचे असते. त्या येतात का, आणि बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजतात का? एकच माहिती त्यांना किती वेळा लिहावी लागते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एकदाच’ असायला हवे. ते तसे नसेल, तर दोष परिचारिकेचा किंवा आशाताईंचा नाही. तो आम्हा अभियंत्यांचा आणि आम्हाला काम देणाऱ्या अधिकाऱ्यांचा आहे. त्याची किंमत मात्र मोहल्ल्यातील एखादी आई मोजते.