कामाशिवाय बाहेर पडायचंय!

मैत्रिणींनो, आज एक साधा हिशेब करून बघा. गेल्या आठ दिवसांत तुम्ही घराबाहेर किती वेळा पडलात? आणि त्यातलं काहीही काम नसताना किती वेळा? भाजी, मुलांची शाळा, दवाखाना, रेशन, बँक, लग्नकार्य, देवदर्शन... ही सगळी कामंच झाली. नुसते पाय मोकळे करायला, चार झाडं बघायला, बाकावर बसून गप्पा मारायला किती जणी गेलात? आमच्या भिवंडीत हा प्रश्न मी शेजारणींना आणि भिशीतल्या बायकांना विचारला. बहुतेक जणी आधी हसल्याच. एक म्हणाली, ''अहो ताई, घरातून निघताना सासूबाई विचारणार, कुठे चाललीस? मग काय सांगू?''

खरी गोम या 'काय सांगू'मध्ये आहे. पुरुषाला असं काही सांगावं लागत नाही. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर तो तासभर उभा राहिला तरी कुणाला वावगं वाटत नाही. बाई मात्र हातात पिशवी असेल तरच बाहेर शोभते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सोपं आहे. शहर बाईचंही असेल, तर तिला तिथे विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे. मुंबईत ही गत, तर आमच्यासारख्या गावाची काय कथा!

भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून पुरुष इथे कामाला येतात. बायकापोरं बहुधा गावीच असतात. म्हणूनच २०११ च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे जेमतेम सातशेच्या आसपास स्त्रिया होत्या. रस्त्यावर बघाल तिकडे पुरुषच, त्यातून कंटेनर आणि ट्रकची रांग. कल्याण नाका किंवा अंजूरफाट्याला रस्ता ओलांडणं हीच एक कसरत. मग बाई घरातच बरी, असं सगळ्यांनाच वाटायला लागतं. घरी बसून कांड्या भरायच्या, धागे कापायचे, टीव्ही बघायचा.

जागेचा हिशेबही बघू या. २०११ मध्ये भिवंडीची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती आणि महापालिकेचं क्षेत्र साधारण २६ चौरस किलोमीटर. केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा हवी. गुणाकार केलात तर सात चौरस किलोमीटरहून जास्त जागा होते, म्हणजे गावाचा पाव हिस्सा नुसती मैदानं आणि बागा! हे आता कुठून येणार? पण म्हणूनच जे काही शिल्लक आहे, टावरे स्टेडियम असो, कामतघरचा वऱ्हाळादेवी तलावाचा काठ असो, नाहीतर गल्लीतलं छोटंसं उद्यान असो, त्याचा कोपरा न् कोपरा मोलाचा आहे.

आणि आहे ती जागा तरी कुणाला मिळते? संध्याकाळी कुठल्याही मैदानावर नजर टाका. मुलांच्या क्रिकेटच्या चार-पाच टीम, आणि मुली कडेला, धाकट्या भावाला सांभाळत. खेळात मुली कमी पडतात असं म्हणायची तर आता सोयच राहिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. २ नोव्हेंबर २०२५ ला क्रिकेटचा विश्वचषक आला तोही नवी मुंबईत, आपल्या ठाणे जिल्ह्यातच. त्या रात्री आमच्या गल्लीतही फटाके वाजले. पण दुसऱ्या दिवशी किती जणींच्या हातात बॅट आली? आमच्या आसपासच्या आगरी गावांत कबड्डी रक्तात आहे, तिथेही वयात आलेली मुलगी हळूच मैदानातून बाजूला होते.

जवळच्याच मुंब्र्याचं उदाहरण मला फार आवडतं. 'परचम' या संस्थेच्या पुढाकाराने २०१२ च्या सुमारास तिथल्या मुली फुटबॉल खेळायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, खेळायला मैदानच नाही! त्या रडत बसल्या नाहीत. घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे मुलींसाठी मैदान मागितलं. घरच्यांना समजावणं हा तर रोजचाच सामना होता.

सायकलचंही तसंच. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणकामगार अशा हजारो बायका सायकलवर बसल्या. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले, आणि हायस्कूलला नाव घालणाऱ्या मुली सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं पुढे अभ्यासात दिसलं. आपल्याकडे मात्र पोरगी आठवी-नववीत गेली की सायकल जिन्याखाली जाते. आईबापांचं तरी काय चुकलं? ट्रकच्या गर्दीत लेक कशी सोडणार! म्हणजे प्रश्न आईच्या हिमतीचा कमी आणि रस्त्याचा जास्त आहे.

मग हे काम कुणाचं? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे द्यायच्या कामांची यादी आहे, त्यात उद्यानं आणि खेळाची मैदानं स्पष्ट लिहिली आहेत. शहराच्या विकास आराखड्यात त्यासाठी जागा राखून ठेवतात. पण १९६६ च्या नगररचना कायद्यात एक मेख आहे. राखीव जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने हालचाल केली नाही, तर आरक्षण रद्द! मैदान कागदावरून गायब होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

इथेच आपला संबंध येतो. महाराष्ट्रात २०११ पासून पालिकांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. भिवंडीत २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. सभागृहात निम्म्या बायका बसणार असतील, तर त्यांना जाऊन विचारायला काय हरकत आहे? वॉर्डातली किती आरक्षणं दहा वर्षं उलटून तशीच पडून आहेत? उद्यानात दिवे आहेत का, स्वच्छतागृह आहे का? आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान फक्त मुलींना मिळेल का? मुंबईत २०२२ मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला, सायकलला, खेळायला दिले. खर्च फारसा नाही. मागांच्या सुट्टीच्या दिवशी भिवंडीत एक रस्ता दोन तास बंद ठेवला तर काय बिघडेल?

आणखी एक गोष्ट. १९७० आणि १९८४ च्या दंगली या गावाने सोसल्या आहेत. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, दोन्हीकडची माणसं एकत्र बसायला लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एकमेकांचे चेहरे ओळखीचे झाले की अफवा चालत नाही. मग विचार करा, बुरखा घातलेली आणि पदर खोचलेली रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसल्या, त्यांच्या लेकी एकाच टीममधून खेळल्या, तर?

तेव्हा एकटीने नको, चौघी-पाच जणींनी ठरवा. आठवड्यातून एक संध्याकाळ, रिकाम्या हाताने. कुणी विचारलंच, कुठे चाललीस, तर सांगा, ''कुठे नाही, जरा बसायला!'' सुरुवातीला लोक बघतील. बघू देत. रोज बघून बघून त्यांनाही सवय होईल.