मित्रांचा गणवेश

तुळशीचे लग्न लागले की आमच्या आकुर्डीत माणसांच्या लग्नांना ऊत येतो. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुने लोक म्हणत. पण त्यांच्या काळी लग्न ते करणाऱ्यालाच महाग पडे. आता ते नवरदेवाच्या मित्रांनाही महाग पडू लागले आहे. कारण नवरदेवाच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या आठ-दहा मित्रांनी एकाच थानातला, एकाच रंगाचा सूट घालावा, अशी नवी रूढी मंडपात शिरली आहे.

गेल्या मार्गशीर्षात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. बालमित्राच्या लग्नाला जाणार नाही म्हणाला. का रे, म्हणून विचारले तर उत्तर आले, "सर, सेकंड शिफ्ट आहे." वीस वर्षे हातात खडू धरलेल्या माणसाला ही थाप पचायची नाही. सातवीत अंगात गणवेश नसला, की हाच मुलगा हाच चेहरा करून सांगे, "सर, धुतलाय, वाळला नाही."

खोदून विचारल्यावर कळले. कापड आणि शिलाई धरून सूट साडेआठ हजारांचा; म्हणजे पोराचा निम्मा पगार. मोबाइलवरच्या ग्रुपात रंग ठरला, दुकान ठरले, मापे देण्याचा दिवस ठरला. "परवडेल ना रे?" एवढे मात्र कुणी विचारले नाही. सगळ्यांनी अंगठा दाखवला, यानेही दाखवला. जुन्या मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे नकार. याचा अंगठा जुन्या मराठीतला होता, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही!

आता कुणी म्हणेल, "मास्तर, शाळेत गणवेशाची सक्ती करणारे तुम्हीच ना?" होय, आम्हीच. पण शाळेचा गणवेश सर्वांत गरीब मुलाच्या बापाचा खिसा पाहून ठरवायचा असतो, आणि सरकारी शाळेत गरिबाच्या मुलाला तो फुकट मिळतो. लग्नातला गणवेश फोटोवाल्याची नजर पाहून ठरतो. पहिला गरिबी झाकतो. दुसरा ती आधी उघडी पाडतो आणि मग तिच्यावर कोट चढवतो.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो खुद्द त्या नवरदेवाचाच होता. तो म्हणाला, "सर, कारखान्याच्या गेटवर कपड्याच्या रंगावरून कळतं, कोण कायम आणि कोण कंत्राटी. निदान माझ्या लग्नात तरी सगळे एकसारखे दिसू देत." पोराचे मन चांगले आहे, यात शंका नाही. पण बाबा रे, ज्या एकसारखेपणाचे हप्ते एकट्या कंत्राटी मित्राने पुढे सहा महिने भरायचे, तो एकसारखेपणा कसला? दिसायला सारखे, आणि फेडायला वेगळे!

याच पुणे जिल्ह्यात जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, डामडौल नाही. लग्नापायी माणूस कर्जात बुडू नये, ही त्यामागची एक तळमळ होती. दीडशे वर्षांनंतर आम्ही भटजीची दक्षिणा वाचवली की नाही कोण जाणे. शिंप्याची दक्षिणा मात्र मित्रांच्या डोक्यावर बसवली.

हौसेला माझा विरोध नाही. एकसारखे दिसायचेच असेल, तर सर्वांना एका रंगाचे फेटे बांधा आणि त्याचे पैसे नवरदेवाच्या घरून द्या. खाली ज्याचा त्याचा पांढरा सदरा. तो कुणाच्या घरी नाही? सूटच हवा असेल, तर आधी प्रत्येकाला एकटे गाठून विचारा, चारचौघांत नव्हे. आणि सर्वांत लहान आकडा सांगेल त्याचे ऐका. तेवढ्यात बसत नसेल, तर वरचे पैसे ज्याची हौस त्याने भरावेत.

त्या लग्नाचा फोटो मी पाहिला. नऊ सूट, रंगात काडीचाही फरक नाही. फोटोवाल्याने रांग इतकी नेटकी लावली आहे, की दहावा कुठे उभा राहिला असता, ते शोधूनही सापडत नाही.